तेलात विरघळणारं मीठ: आयनिक लिक्विडने धातूची झीज कमी करण्याची रीत

स्वयंपाकघरातलं मीठ गोडेतेलात टाकून कितीही ढवळा, ते तळाशीच बसणार. वंगणतेलात मात्र मिठाच्याच जातीचा पदार्थ विरघळवायचा आणि त्याच्याकडून पोलादाची झीज कमी करून घ्यायची, असा हा उद्योग आहे. यातली निम्मी मेहनत त्याला तळाशी बसू न देण्यातच जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

साधं मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, कारण त्याचे छोटे गोल आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून, रचून बसतात. त्याऐवजी धन आयन मोठा, बेढब आणि लांब शेपट्यांचा घेतला तर रचना जमत नाही आणि क्षार खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो. १०० अंशांखाली वितळणाऱ्या अशा क्षारांना आयनिक लिक्विड म्हणतात. १९१४ साली पॉल वाल्डेन यांनी नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट साधारण १२ अंशांनाच वितळतं. वंगण म्हणून या द्रवांकडे जगाचं लक्ष गेलं ते मात्र २००१ मध्ये, चीनमधल्या लांझोउ इथल्या संशोधकांच्या शोधनिबंधानंतर.

पुढची रीत एम.टेक.चा प्रकल्प हाती घेतलेल्यांसाठी, छोट्या ब्लेंडिंग युनिटमधल्या केमिस्टसाठी आणि ‘तेलात काहीतरी नवीन टाकून बघू’ म्हणणाऱ्या मेंटेनन्सवाल्यांसाठी आहे. या तिसऱ्या मंडळींनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

आधी झीज कशाने होते ते बघा

बेअरिंग पाण्याने गंजत असेल, शाफ्टचं अलाइनमेंट बिघडलं असेल, तेलात धूळ किंवा ग्राइंडिंगची कच जात असेल, किंवा मुळात तेलाच्या दाटपणाचा, म्हणजे व्हिस्कॉसिटीचा, ग्रेडच चुकला असेल, तर जगातलं कुठलंही अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे तेलात घालायचं पूरक रसायन, तुम्हाला वाचवणार नाही. झीजरोधक अ‍ॅडिटिव्हचं काम फक्त तिथे चालतं जिथे तेलाचा थर इतका पातळ होतो की दोन्ही पृष्ठभागांचे उंचवटे एकमेकांना घासतात. मशीन सुरू होताना आणि थांबताना, कमी वेगात भारी लोड असताना, कॅम आणि टॅपेटमध्ये, पिस्टन वरच्या टोकाला पोचून क्षणभर थबकतो तिथे. तेलाचा थर जाड असेल तिथे हा पदार्थ नुसता प्रवासी.

घासणाऱ्या जागी नेमकं काय होतं? फॉस्फेट असलेला ऋण आयन लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटतो. घर्षणाची उष्णता आणि दाब यांच्यामुळे त्याची लोखंडाशी, गंजाच्या थराशी आणि झिजून निघालेल्या बारीक कणांशी रासायनिक क्रिया होते. त्यातून लोहफॉस्फेट आणि ऑक्साइड यांचा एक पातळ लेप तयार होतो. त्याची जाडी दहा-वीस ते शंभर-दोनशे नॅनोमीटर. याला ट्रायबोफिल्म म्हणतात. शेणाने सारवलेल्या अंगणासारखं हे काम आहे: पायाखाली सारवण झिजतं, जमीन नाही, आणि सारवण पुन्हा पुन्हा घातलं जातं. इथे सारवणारा माणूस म्हणजे घर्षण स्वतःच, आणि शेण म्हणजे तेलात विरघळलेलं अ‍ॅडिटिव्ह. ते संपलं की अंगण उघडं पडतं.

हेच काम १९४० च्या दशकापासून झेडडीडीपी, म्हणजे झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट, करत आलं आहे आणि उत्तम करत आलं आहे. मग नवीन काही शोधायचं कारण काय? झेडडीडीपीमधल्या जस्ताची राख होते, ती एक्झॉस्टच्या फिल्टरमध्ये अडकते. अ‍ॅल्युमिनियमवर त्याचा लेप नीट बसत नाही. बहुतेक आयनिक लिक्विडमध्ये धातू नसतो, त्यामुळे राख नाही. फॉस्फरस मात्र दोघांतही आहे, आणि त्याचा हिशेब पुढे येईलच.

जोडी निवडणं

सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत इमिडॅझोलियम धन आयन आणि टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ऋण आयन वापरले गेले. केमिकलच्या कॅटलॉगमध्ये आजही हेच आधी दिसतात आणि विद्यार्थी हेच मागवतात. मागवू नका. एक तर खनिज तेलात ते विरघळत नाहीत. दुसरं म्हणजे ओलावा मिळाला की त्यांचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊ शकतं. ते काचही खातं, पोलाद तर खातंच, आणि माणसाला तर फारच घातक. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ओलावा शोधायला लांब जावं लागत नाही.

विरघळण्याची अडचण सुटली २०१२ मध्ये. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने जनरल मोटर्ससोबत केलेल्या कामातून ट्रायहेक्झिलटेट्राडेसिलफॉस्फोनियम बिस-२-इथिलहेक्झिल फॉस्फेट हा लांबलचक नावाचा द्रव पुढे आला. तो तेलात कुठल्याही प्रमाणात मिसळतो. गुपित आकारात आहे. धन आयनात मधला फॉस्फरस चारही बाजूंनी लांब कार्बन-साखळ्यांनी झाकलेला, ऋण आयनालाही दोन फाटे फुटलेल्या शेपट्या. विद्युतभार आत दडतो आणि बाहेरून सगळा रेणू तेलासारखाच दिसतो. म्हणून खनिज तेल किंवा पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन हे कृत्रिम तेल) यांच्यासाठी निवड करताना नियम सोपा: दोन्ही आयनांना लांब शेपट्या हव्यात, हॅलोजन (फ्लोरिन, क्लोरिन वगैरे) नको, ऋण आयनात फॉस्फेट किंवा फॉस्फिनेट हवं. बोरॉन चालणार असेल तर स्वीडनमधल्या लुलेओ विद्यापीठाने पुढे आणलेले ऑर्थोबोरेट ऋण आयनही आहेत. आपल्या डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतही हॅलोजनविरहित आयनिक लिक्विडवर चांगलं काम झालं आहे.

बेस ऑइल, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह न घातलेलं मूळ तेल, एस्टर किंवा ग्लायकॉलसारखं ध्रुवीय असेल तर निवडीला बरीच मोकळीक मिळते. आणि पाण्यात मिसळणारं कूलंट असेल तर एक गंमत सांगतो. ट्रायइथेनॉलअमाइन आणि ओलेइक आम्ल यांचा साबण सीएनसीच्या कूलंटमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. अमाइन अधिक आम्ल बरोबर क्षार, हीच तर प्रोटिक आयनिक लिक्विडची व्याख्या. म्हणजे शॉपफ्लोअरवाले नाव माहीत नसताना त्याचा भाऊबंद वापरतच होते.

विकत घ्यायचं की बनवायचं

फॉस्फोनियमवाले द्रव तयार मिळतात. सायफॉस या नावाने विकली जाणारी मालिका प्रयोगशाळांमध्ये ओळखीची आहे. पण किंमत झेडडीडीपीच्या जवळपासही फिरकत नाही. शिकण्यासाठी प्रोटिक प्रकार स्वतः बनवणं परवडतं, कारण तिथे फक्त आम्ल आणि अमाइन मोलच्या हिशेबाने समप्रमाणात मिसळायचं असतं.

आम्ल म्हणून बिस-२-इथिलहेक्झिल फॉस्फेट घ्या. धातू-निष्कर्षणाच्या धंद्यात याला डी-२-ईएचपीए म्हणतात आणि ते त्याच नावाने मिळतं. अमाइन म्हणून ट्रायऑक्टिलअमाइन. रेणूभार अनुक्रमे ३२२.४ आणि ३५३.७, म्हणजे ३२.२४ ग्रॅम आम्लाला ३५.३७ ग्रॅम अमाइन. मात्र हा हिशेब १०० टक्के शुद्धतेचा आहे. बाटलीवर ९५ टक्के लिहिलं असेल तर तेवढं वजन वाढवा, नाहीतर उरलेलं मोकळं आम्ल पुढे तांब्याच्या पट्टीवर तुमचं पितळ उघडं पाडेल.

अमाइन फ्लास्कमध्ये घ्या, फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ठेवा, मॅग्नेटिक स्टरर चालू करा आणि आम्ल थेंबथेंब सोडा. क्रियेत उष्णता बाहेर पडते. घाई केली तर रंग गडद होतो. सगळं आम्ल गेलं की बर्फ काढून दोन-तीन तास ढवळत राहू द्या. फिकट पिवळा, मधासारखा दाट द्रव हाती यायला हवा. डी-२-ईएचपीए कातडीला भाजतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि चालू असलेलं फ्यूमहूड. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणून उघड्या हाताने बाटली उचलणारे दर बॅचमध्ये एकदोन निघतातच.

प्रोटिक द्रवाचं एक दुखणं लक्षात ठेवा. तापवल्यावर तो काही प्रमाणात पुन्हा आम्ल आणि अमाइनमध्ये फुटू शकतो. फॉस्फोनियमवाले या बाबतीत दणकट. इंजिनच्या तापमानाला जायचं असेल तर शेवटी तिकडेच वळावं लागतं.

पाणी आणि क्लोराइड काढा

फॉस्फोनियम द्रव बहुतेकदा क्लोराइडपासून बनवतात, आणि शिल्लक क्लोराइड पोलादाला गंजवतं. तपासणी सोपी आहे. थोडा द्रव कोमट डिस्टिल्ड पाण्याबरोबर जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या, पाण्याचा थर काढून त्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढरा गढूळपणा दिसला की क्लोराइड आहे. पाण्याने पुन्हा धुवा, पुन्हा तपासा. नळाचं पाणी वापरलंत तर ते जन्मभर गढूळच दिसेल, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण आमच्याकडे एकाने दोन दिवस असे घालवले आहेत.

मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ६० ते ७० अंशांना रात्रभर सुकवा आणि कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजा. मोजल्यावर बाटली घट्ट बंद करून डेसिकेटरमध्ये. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली पुन्हा पहिल्या पायरीवर आणते.

डोस वजनावर नाही, फॉस्फरसवर

बहुतेक प्रकल्प-अहवाल इथे घसरतात. एक टक्का झेडडीडीपी आणि एक टक्का आयनिक लिक्विड यांची तुलना करून विजेता जाहीर होतो. पण दोघांत फॉस्फरस किती? पेट्रोल इंजिन-तेलांसाठीच्या आयलसॅक मानकांत जीएफ-४ पासून फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम (दहा लाखांत ८०० भाग) आहे, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. ही खरी मर्यादा. म्हणून तुलना ८०० पीपीएमवरच करा.

ओक रिजच्या फॉस्फोनियम फॉस्फेटचा रेणूभार साधारण ८०५, त्यात फॉस्फरसचे दोन अणू, म्हणजे वजनाने ७.७ टक्के. ८०० पीपीएमसाठी १.०४ टक्के द्रव पुरतो. आपण बनवलेल्या ट्रायऑक्टिलअमोनियम फॉस्फेटचा रेणूभार ६७६, फॉस्फरसचा एकच अणू, म्हणजे ४.५८ टक्के. तिथे १.७५ टक्के लागतील. ५०० ग्रॅम तेलाला पावणेनऊ ग्रॅम. झेडडीडीपीचा आकडा पुरवठादाराच्या डेटाशीटवर असतो, तो बघून तसाच हिशेब करा.

आता चार तेलं बनवा: नुसतं बेस ऑइल, झेडडीडीपी ८०० पीपीएम, आयनिक लिक्विड ८०० पीपीएम, आणि दोन्ही निम्मे-निम्मे, ४०० अधिक ४००. चौथं तेल कंटाळा करून गाळू नका. फॉस्फोनियम-अल्किलफॉस्फेट आणि झेडडीडीपी एकत्र आल्यावर एकट्या-दुकट्यापेक्षा चांगलं काम करतात, हे ओक रिजच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की दोघांत ऋण आयनांची अदलाबदल होऊन नवी संयुगं बनतात आणि ती द्रवाच्या पृष्ठभागी अपेक्षेपेक्षा ३० ते ७० पट दाटीने जमतात. प्रत्येक जोडीचं असं जमतं असं मात्र नाही. म्हणूनच स्वतः तपासायचं.

बेस ऑइल म्हणून पीएओ-४ किंवा बाजारात मिळणारं एसएन १५० हे खनिज तेल चालेल. बाटलीबंद तयार इंजिन ऑइल घेऊ नका. त्यात आधीच झेडडीडीपी, डिटर्जंट, डिस्पर्संट असं सगळं वऱ्हाड बसलेलं असतं, आणि ती मंडळीही पृष्ठभागावर जागा मागतात. काय कशामुळे झालं ते मग कुणालाच सांगता येत नाही.

मिसळा, आणि मग त्रास द्या

तेल ६० अंशांपर्यंत तापवा, द्रव वजन करून सोडा, तासभर ढवळा. गरम असताना पारदर्शक दिसतं म्हणून खूश होऊ नका. एक नमुना आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा, एक खोलीत, एक १०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस. शिवाय एक नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. परीक्षानळीमागे छापील कागद धरून अक्षरं वाचा: धूसर दिसली किंवा तळाशी थेंब जमला तर जोडी बाद. न विरघळलेलं अ‍ॅडिटिव्ह फिल्टरमध्ये अडकतं किंवा मशीनमधल्या तेलाच्या टाकीच्या तळाशी बसतं, आणि पुढे येणाऱ्या फोर बॉल चाचणीत बॉलवर थेट थेंब पडून तुम्हाला खोटा चांगला निकालही देऊन जातं.

झीज मोजण्याआधी गंज मोजा

घासून लेप बनवणारा पदार्थ म्हणजे लोखंडाशी क्रिया करणारा पदार्थ. तो न घासताही क्रिया करत बसला तर ते गंजणंच झालं. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेच्या डी १३० पद्धतीप्रमाणे घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी तेलात बुडवून १०० अंशांना तीन तास ठेवा आणि रंग प्रमाण-तक्त्याशी ताडून बघा. १अ किंवा १ब आलं तर पुढे जा. काळपट, मोरपंखी छटा आल्या तर आधी आम्लाचं प्रमाण तपासा. बीड लोखंडाचा पॉलिश केलेला तुकडा तेल लावून दमट जागी चार दिवस ठेवून बघणं हा घरगुती उपायही करून टाका. ऑइल सीलच्या रबराचे तुकडे वजन करून गरम तेलात बुडवून ठेवा. फुगले का, कडक झाले का ते आठवड्याने कळेल.

फोर बॉल चाचणी

एएसटीएमचीच डी ४१७२ ही पद्धत सगळ्यात सोयीची. १२.७ मिमी व्यासाचे क्रोम स्टीलचे चार बॉल, खाली तीन घट्ट बसवलेले, वर एक फिरणारा. १२०० आरपीएम, ७५ अंश, ६० मिनिटं, लोड ४० किलो. बंगळुरूच्या ड्युकॉमची मशीनं आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत आणि प्रयोगशाळांत आहेत.

सगळे बॉल एकाच लॉटचे घ्या. चार तेलं, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे १२ चाचण्या आणि ४८ बॉल. बॉल, कप, कोलेट सगळं हेप्टेन आणि मग अ‍ॅसिटोनने अल्ट्रासॉनिकमध्ये धुवा, वाळवा, त्यानंतर चिमट्यानेच उचला. आधीच्या चाचणीचं झेडडीडीपी कपाला चिकटून राहिलं तर पुढचं बेस ऑइलही हुशार निघतं. क्रमही मिसळा, सगळ्या बेस ऑइलच्या चाचण्या सोमवारी आणि आयनिक लिक्विडच्या बुधवारी असं करू नका. तेल बॉलच्या वर किमान तीन मिलिमीटर असावं.

चाचणीनंतर खालच्या तिन्ही बॉलवरचा झिजेचा गोल डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, प्रत्येकाचा दोन दिशांनी, आणि सहा मापांची सरासरी घ्यायची. ओरखड्यांच्या दिशेत आणि तिच्या काटकोनात. डाग लंबगोल असेल किंवा तिघांची मापं फार वेगळी असतील तर बॉल नीट बसले नव्हते. ती चाचणी रद्द धरा.

आकडा वाचायला थोडं गणित लागतं. ४० किलो लोडला पोलादाचे बॉल नुसते दाबले गेले, अजिबात झिजले नाहीत, तरी जवळपास ०.३० मिमीचा ठसा धरावा लागतो. म्हणजे तुमचा शून्य तिथे आहे. आणि झिजलेला धातू व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. डाग ०.६० वरून ०.५० वर आला तर ‘१७ टक्के सुधारणा’ असं लिहून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात गेलेला धातू ०.००१० घन मिमीवरून ०.०००४८ वर आलेला असतो, निम्म्याहून कमी. उलट बाजूही ऐका: याच पद्धतीत एकाच माणसाने एकाच मशीनवर केलेल्या दोन मोजण्यांत ०.१२ मिमीपर्यंत फरक चालून जातो. त्यामुळे एकेका चाचणीत दिसलेला ०.१० चा फरक निकाल म्हणून मिरवता येत नाही. तीनदा करून तिन्ही वेळा तोच क्रम आला तरच बोला.

आणखी एक गफलत. झीज कमी झाली म्हणजे वेल्डिंग लोड, म्हणजे ज्या लोडला बॉल एकमेकांना वितळून चिकटतात तो, वाढला असं नसतं. भारी गिअरसाठी लागणारा ईपी, म्हणजे अतिदाब सोसण्याचा, गुण वेगळा. तो डी २७८३ ने वेगळा तपासायचा. गंधक नसलेलं आयनिक लिक्विड तिथे एकटं पुरेलच असं समजू नका.

लेप खरंच बनला का ते बघायचं असेल तर डागावर एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि त्याला जोडलेल्या ईडीएस या मूलद्रव्य ओळखणाऱ्या उपकरणाने फॉस्फरस शोधा. बॉल हेप्टेनने हलकेच धुवा, पुसू नका. पवईच्या आयआयटीतल्या एसएआयएफसारख्या केंद्रात बाहेरचे नमुने घेतात. डागाच्या आत फॉस्फरस आणि बाहेर नाही, असं दिसलं की लेप घर्षणानेच बनलाय. आत-बाहेर सारखाच दिसला तर बॉल नीट धुतलेला नाही.

मशीनमध्ये घालताना

फोर बॉलमध्ये बिंदूसंपर्क असतो, तोही पोलादावर पोलाद. तुमच्याकडे सिलिंडरचा लायनर आणि पिस्टनची रिंग असेल तर त्याच धातूचे तुकडे कापून पुढे-मागे घासणाऱ्या चाचणीत १०० अंशांना तपासा. ब्राँझचं वर्मव्हील असेल तर ब्राँझवर. त्याशिवाय मशीनकडे जाऊ नका.

रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनात वरून ओतायचा विचार सोडून द्या. तयार तेल आधीच फॉस्फरसच्या मर्यादेजवळ असतं. तुमचा एक टक्का त्याला दुप्पट करेल आणि बीएस-६ गाडीच्या कन्व्हर्टरचं बिल मोठं असतं. सुरुवात एखाद्या छोट्या, बंद, बदलायला सोप्या गिअरबॉक्सपासून करा. शक्यतो एकाच कामावर चालणारे दोन सारखे गिअरबॉक्स शोधा, एकात नवं तेल, दुसऱ्यात जुनंच. भरण्याआधी दोन्ही फ्लश करा.

पहिला नमुना ५० तासांनी, मग दर २५० तासांनी काढा. नेहमी मशीन चालून गरम असताना आणि त्याच ठिकाणाहून. लोह, तांबं, पाणी, आम्लांक आणि व्हिस्कॉसिटी बघा. पहिल्या नमुन्यात लोह थोडं वर दिसलं तर घाबरू नका; लेप बसताना थोडा धातू जातोच. दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्यातही ते चढतंच राहिलं किंवा तांबं वर गेलं, तर तेल काढा. टॉप-अप किती केलं ते लिहून ठेवा, कारण ताजं तेल घातल्यावर पीपीएम आपोआप उतरतं आणि सगळ्यांना वाटतं अ‍ॅडिटिव्हने कमाल केली.

काढलेलं तेल वेगळ्या कॅनमध्ये, लेबल लावून. लांब साखळ्यांचे फॉस्फोनियम आणि अमोनियम क्षार जलचरांना विषारी असतात आणि सहजासहजी कुजत नाहीत. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं तेल अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं, आणि देताना त्याला आत काय आहे ते लेखी द्या. लॅबच्या सिंकमध्ये हेप्टेनचं धुवण ओतणं ही तर जुनीच खोड. त्यासाठी सिंकच्या शेजारीच झाकणाचा डबा ठेवा, लांब ठेवला तर कुणी तिथवर जात नाही.